न मागितलेला होकार

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर, निविदा आणि छोट्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक टायपात 'जाहीर नोटीस' नावाचा मजकूर बहुतेक रोज छापून येतो. मौजे अमुक, तालुका तमुक, गट नंबर, हेक्टर, आर, चतुःसीमा. आमचे अशील सदर मिळकत खरेदी घेत आहेत; तरी कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा वा दावा असल्यास चौदा दिवसांत कागदपत्रांसह लेखी हरकत घ्यावी; मुदतीत हरकत न आल्यास तसा हक्क नाही, आणि असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल. हे वाचायची मला खोड आहे. त्यातल्या 'असे समजून'पाशी मी दर वेळी थबकते. गावाबाहेर पोटापाण्याला गेलेला एखादा चुलत भाऊ हा पेपर घेत नाही, त्याला पत्ताही नसतो. तो काहीच करत नाही, आणि त्याच्या काहीच न करण्याचा अर्थ पंधराव्या दिवशी लागलेला असतो.

इंग्रजीत या प्रकाराला एक सुटसुटीत जोडी आहे: ऑप्ट-इन आणि ऑप्ट-आऊट. पहिल्यात तुम्ही बाहेर असता, आत यायचं तर तसं सांगावं लागतं. दुसऱ्यात तुम्हाला आधीच आत घेतलेलं असतं, नको असेल तर उठून सांगायचं. ऐकायला दोन्ही सारखेच उदार वाटतात. निवड तुमचीच, जबरदस्ती कुठेच नाही. जो बोलतो त्याच्यासाठी ते खरोखर सारखेच आहेत. फरक पडतो तो न बोलणाऱ्याला. आणि बहुतेक वेळा बहुतेक माणसं बोलत नाहीत. कंटाळा असतो, घाई असते, अक्षर बारीक असतं, किंवा बोलल्याने काही होईल यावर विश्वास नसतो.

आईचं पासबुक भरून आणलं की मे महिन्याच्या शेवटी एक ओळ दिसते: 436 रुपये. पंतप्रधानांच्या नावाच्या जीवन ज्योती विमा योजनेचा तो हप्ता. कुठल्याशा वर्षी काउंटरवरून सरकवलेल्या कागदावर तिने सही केली होती, आणि त्या एका सहीच्या बळावर दरवर्षी पैसे आपोआप वळते होतात. योजना वाईट नाही, रक्कमही जीव जावा इतकी नाही. गंमत एवढीच, की पहिल्या वर्षी तिने होय म्हटलं म्हणून विमा झाला आणि पुढच्या वर्षांपासून नको म्हटलं नाही म्हणून. एकाच पासबुकात दोन्ही शब्द मुकाट नांदतात. संगणकाच्या पडद्यावर आधीच टिक मारून ठेवलेल्या चौकोनांचीही तीच गत. युरोपच्या न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं, की आधीच मारलेली टिक म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडच्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीसाठी माणसाने स्वतः काही कृती करावी, अशी अट आहे. उशिरा का होईना, शहाणपण आलं म्हणायचं.

पण पैशाची आणि टिकेची गोष्ट तिथेच सोडते. हा प्रश्न खरा टोचतो तो शरीरापाशी.

2003 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एरिक जॉन्सन आणि डॅनिएल गोल्डस्टीन यांनी युरोपातल्या देशांचा एक तक्ता छापला. मरणोत्तर अवयवदानाला संमती असलेले लोक जर्मनीत 12 टक्के, ऑस्ट्रियात 99.98 टक्के. शेजारशेजारचे देश, भाषा एक, चालीरीती बऱ्याचशा सारख्या. फरक एवढाच, की जर्मनीत दाता व्हायचं तर तसं नोंदवावं लागे आणि ऑस्ट्रियात दाता व्हायचं नसेल तर. तो तक्ता जगभर गाजला. व्यवस्थापनाच्या वर्गांत, भाषणांत, पुस्तकांत तो इतका फिरला, की फॉर्मवरचा चौकोन उलटा केला की समाज दानशूर होतो, असंच लोकांना वाटू लागलं.

मला त्या 99.98 चं कौतुक कधी वाटलं नाही. तो आकडा होकारांचा नाहीच, उठून हरकत नोंदवायला न गेलेल्यांचा आहे. ऑस्ट्रियातली सगळी माणसं एका रात्रीत दधीची झाली नव्हती. दधीचीची गोष्ट आठवून पाहा. वृत्रासुराला मारायला वज्र हवं आणि वज्राला दधीचीची हाडं हवीत, तर देव त्याच्या आश्रमात जाऊन मागतात. तो हो म्हणतो, मग देह ठेवतो. देवांनासुद्धा आधी जाऊन विचारावं लागलं. आपल्याकडे देहदानाच्या चळवळीने त्याचं नाव घेतलं, ते उगीच नव्हे.

प्रत्यक्ष अवयव किती जणांचे मिळाले, हे पाहू गेलं तर ऑस्ट्रिया आणि जर्मनीत फरक आहे खरा, पण बारा आणि शंभरचा नाही. कारण अतिदक्षता विभागाच्या दारात कायद्याचं पुस्तक उभं नसतं, नातेवाईक उभे असतात. स्पेनने 1979 मध्येच कायदा केला, की ज्याने हयातीत विरोध केला नाही त्याची संमती गृहीत. पुढची दहा वर्षं त्याने फारसं काही हललं नाही. 1989 मध्ये त्यांनी राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी केली, रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले. आणि मग आकडा चढू लागला. दहा लाख लोकसंख्येमागे चौदाच्या आसपास दाते होते, ते आता चाळीसच्या वर आहेत. ती संघटना उभारणारे डॉक्टर राफाएल मातेसान्थ हे श्रेय कायद्याला द्यायला कधीच तयार नव्हते. कायदा काहीही म्हणो, स्पेनमध्ये घरच्यांना विचारतातच, आणि घरचे नाही म्हणाले तर विषय तिथेच संपतो.

ब्राझीलमध्ये 1997 नंतर उलटीच तऱ्हा झाली. कायदा आला: ओळखपत्रावर 'दाता नाही' अशी नोंद नसेल तो दाता. लोकांचा सरकारवर आणि सरकारी दवाखान्यांवर विश्वास नव्हता. आपण नीट मरायच्या आत हे आपल्याला कापतील, अशी धास्ती पसरली आणि माणसं 'दाता नाही'चा शिक्का घ्यायला धावली. 1998 संपायच्या आत सरकारला माघार घ्यावी लागली. इंग्लंडनेही 2020 च्या मे महिन्यापासून गृहीत संमती आणली, पण नंतरच्या काही वर्षांत नातेवाइकांच्या होकाराचं प्रमाण वाढायचं सोडून थोडं घटलंच. माणसांना आवडत्या जेवणाचा आग्रह चालतो, गृहीत धरलेलं चालत नाही. रिचर्ड थेलर हे अर्थशास्त्रातलं नोबेल मिळालेले गृहस्थ. माणसाला हळूच कोपराने ढोसून योग्य वाटेला लावण्याचा त्यांचा सिद्धान्त जर्मनी-ऑस्ट्रियाच्या त्या तक्त्याशी कायमचा जोडला गेला. पण अवयवदानात संमती गृहीत धरावी, असं ते स्वतः म्हणत नाहीत. लोकांना सरळ विचारा, असंच त्यांचं मत आहे.

विचारणं म्हणजे काय, हे मला कळलं ते दोन हृदयांच्या गोष्टींतून. दोन्ही एकाच हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या आहेत.

2 डिसेंबर 1967. केपटाऊनमध्ये पंचवीस वर्षांची डेनिस डारव्हाल आईबरोबर केक आणायला निघाली होती. रस्ता ओलांडताना गाडीने दोघींना उडवलं. आई जागीच गेली. डेनिसचा मेंदू वाचण्यापलीकडे गेला होता, हृदय चालू होतं. ग्रूट स्कूर रुग्णालयात डॉक्टरांनी तिच्या वडिलांना, एडवर्ड डारव्हाल यांना, गाठलं. काही तासांपूर्वी बायको गेलेल्या माणसाला त्यांनी मुलीचं हृदय मागितलं. त्याने चार मिनिटं घेतली, असं सांगतात. त्या चार मिनिटांत त्यांना काय आठवलं, तेही त्यांनी नंतर सांगितलं: मुलीने वाढदिवसाला केलेला केक, आणि पहिल्या पगारातून तिने त्यांना आणलेला अंगरखा, न्हाऊन आल्यावर घालायचा. मग ते म्हणाले, माझ्या मुलीला वाचवता येत नसेल तर त्या माणसाला वाचवायचा प्रयत्न करा. रात्र उलटता उलटता ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ते हृदय लुई वॉशकान्स्की यांच्या छातीत बसवलं. जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण. ते अठरा दिवस जगले. डेनिसचं एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मिश्रवर्णी मुलाला दिलं गेलं. वर्णद्वेषाच्या त्या देशात गोऱ्या मुलीचं मूत्रपिंड त्याच्या अंगात चाललं, रुग्णालयात मात्र दोघांचे वॉर्ड वेगळे असत.

अडीच महिन्यांनी, 1968 च्या फेब्रुवारीत, परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यू कशाला म्हणायचं, हे ठरवणारा हार्वर्डचा अहवालही तोवर आला नव्हता. डॉक्टर सगळीकडे अंधारातच पाऊल टाकत होते.

आणि 24 मे 1968 ला अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात, ब्रूस टकर नावाचा कृष्णवर्णी कामगार मित्रांबरोबर गप्पा मारत बसलेल्या कट्ट्यावरून पडला. डोक्याला जबर मार. त्याला व्हर्जिनिया मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं हृदय काढून जोसेफ क्लेट या गोऱ्या व्यावसायिकाला बसवलं गेलं. टकरच्या घरच्या कोणालाही विचारलं नव्हतं. नातेवाइकांचा पत्ता लागत नाही, म्हणजे मृतदेह बेवारस, असं समजून. पुन्हा तेच 'समजून'. इथे चौदा दिवसांची नोटीससुद्धा नव्हती. त्याच्या पाकिटात भावाचं कार्ड होतं. विल्यम टकर, चपला-बूट दुरुस्तीचं दुकान, पत्ता, फोन नंबर. दुकान रुग्णालयापासून काही चौक अंतरावर. भाऊ त्याच दिवशी त्याची चौकशी करत होता. हृदय आणि मूत्रपिंडं नाहीत, हे त्याला कळलं ते अंत्यविधीची तयारी करणाऱ्याकडून. विल्यमने दावा लावला. त्याचा वकील डग्लस वाइल्डर पुढे त्याच राज्याचा गव्हर्नर झाला. पण 1972 मध्ये ज्यूरीने कौल डॉक्टरांच्या बाजूने दिला.

विल्यम टकरला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, कोण जाणे. कदाचित होच. पण ते कार्ड पाकिटात होतं आणि कोणी फोन फिरवला नाही, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

दूरच्या देशाला नावं ठेवणं सोपं. आपल्याकडे 1949 चा मुंबईचा शरीररचना कायदा आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाची मुलं ज्या देहांवर शरीर शिकतात, त्यांतले कितीतरी या कायद्याने तिथे पोचले: रस्त्यावर, सरकारी दवाखान्यात मेलेले, ज्यांचा ताबा मागायला कोणी आलं नाही असे. अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा सुरुवातीला ज्या तीनच राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला, त्या राज्यांत गोवा आणि हिमाचलबरोबर महाराष्ट्र होता. या कायद्यात तुम्हा-आम्हाला दाता व्हायचं तर लेखी सांगावं लागतं, वर घरच्यांची संमती लागते. पण रुग्णालयात किंवा तुरुंगात मेलेल्याचा देह 48 तासांत जवळच्या कोणी नेला नाही, तर परवानगी तिथला व्यवस्थापक देऊ शकतो. म्हणजे घरदार असलेल्यांसाठी ऑप्ट-इन आणि बेवारसांसाठी ऑप्ट-आऊट, तेही बाहेर पडायचं दार दाखवणारा कोणी नसताना. डॉक्टर घडायला देह लागतात हे मान्यच. शरीरशास्त्राच्या शिक्षकांना आपण काय शिव्या द्यायच्या? पण एकाच कायद्यात मौनाचे दोन भाव आहेत आणि ते खिसा पाहून ठरतात, हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होते.

आमची मोठी आत्या हे ऐकून म्हणाली, "त्यात नवल काय? मौनं संमतिलक्षणम्."

तिला संस्कृत एवढंच येतं, आणि ते तिला कांदेपोह्यांनी शिकवलं. सोळाव्या वर्षी तिला दाखवली. नाव विचारलं, स्वयंपाक विचारला, चार पावलं चालून दाखवायला सांगितलं. पाहुणे म्हणाले, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे. तिने मान खाली घातली. आबा, म्हणजे माझे आजोबा, म्हणाले, "मुलीची पसंती आहे." सुपारी फुटली. आत्याचा संसार चांगला झाला, कुरकुर करण्यासारखं काही नव्हतं. पण ऐंशी ओलांडल्यावर एकदा शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं गं. मुलगा मला आवडला होता. विचारलंच नाही." अजून टोचत होतं ते हेच.

दुसऱ्यांदा मात्र तिला रीतसर विचारलं गेलं. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि साऱ्या देशाने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला. कायद्याने मुलगी आत आली, काही न करता. आणि लगोलग घरोघरी तिला बाहेर काढायचा कागद तयार झाला. त्याचं नाव हक्कसोडपत्र. भाऊ गाडी करून बहिणीला तालुक्याला नेतात, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांग लागते, अंगठा, फोटो, सही. मग हॉटेलात जेवण आणि घरी आल्यावर साडी. आमच्या घरीही हेच झालं, आणि ज्यांच्या लाभात ते झालं त्यांत माझे बाबा होते, पर्यायाने मी. कागदात छापील वाक्य असतं, की लिहून देणार हे राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहेत. कारकुनाने ते मोठ्याने वाचलं तेव्हा आत्या फिदकन हसली होती. "लग्नात माझी अक्कलहुशारी कोणाला दिसली नव्हती, ती इथे बरी सापडली!" सही तिने केली. माहेर तुटू नये म्हणून केली, हे तिथल्या रांगेतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. कारकुनालाही.

कायद्याचा चौकोन इथे योग्य होता, टिकही आधीच मारलेली होती, तिच्या बाजूने. तरी उपयोग झाला नाही. नाही म्हणायला जागाच नसेल, तर विचारून तरी काय होतं? जमिनीबद्दल विचारायचंच झालं तर भावाने नाही, दुसऱ्या कोणी विचारायला हवं. अवयवदानाच्या कायद्याला हे बहुधा उमगलं असावं. मेंदूमृत्यू जाहीर करणाऱ्या चार डॉक्टरांच्या मंडळात प्रत्यारोपण करणारा डॉक्टर बसत नाही; चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करतात. 2011 च्या दुरुस्तीने रुग्णालयांना समन्वयक नेमणं आणि नातेवाइकांना विचारणं बंधनकारक केलं. ज्याला हृदय हवंय त्याने मागायचं नाही, हा त्यातला मोठा धडा आहे. आणि इतकं सगळं असूनही आपल्याकडे मरणोत्तर दाते दहा लाखांमागे एकाच्याही आत. चौकोन उलटा करा, अशी मागणी अधूनमधून होते. स्पेनमध्ये जितके समन्वयक आहेत तितके आधी नेमा, मग चौकोनाचं बघू.

मी प्रतिज्ञेचा फॉर्म भरायला घेतला तेव्हा कळलं, की दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक तरी जवळचा नातेवाईक हवा. ही अट मला फार शहाणी वाटते. घरात विषय काढल्यावाचून फॉर्म पुराच होत नाही. आत्या उत्साहाने पुढे आली, तर कायद्याच्या यादीत आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा सगळे आहेत, आत्या नाही. "बघ, इथेही मी हक्क सोडलेला," ती म्हणाली, आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या रेघेवर ठसक्यात सही ठोकली.

राहिले बाबा. त्यांनी चष्मा लावून फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला, वीजबिल वाचतात तसा. माझ्या फॉर्मवर सही केली. मग मी दुसरा, कोरा, त्यांच्यापुढे ठेवला.

"यात नाही म्हणायची जागा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हणायचं असेल तर फॉर्म भरायचा नाही."

"मग मी न भरता ठेवला, तर ते नाही झालं का?"

"तसं नाही. उद्या काही झालं तर दवाखान्यात आम्हालाच विचारतील, तुमची इच्छा काय होती म्हणून."

ते गप्प बसले. बराच वेळ.

"त्याचं हो आहे असं धर," आत्या म्हणाली.

"अक्का, माझ्या वतीने तू कशाला सांगतेस?"

"का? माझ्या वतीने आबांनी सांगितलंच होतं की."